खांब की माणूस? घशातली गाठ आणि संशयाचं शास्त्र



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, घशाच्या गाठींवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आमच्याही नावाआधी डॉक्टर लागतं, पण त्या डॉक्टरीने आजवर कुणाचं पडसंसुद्धा बरं झालेलं नाही. तेव्हा औषधोपचार सांगायला आम्ही इथे बसलेलो नाही. तो अधिकार तुमच्या डॉक्टरांचा. आम्हाला बोलायचंय ते निदानामागच्या विचारपद्धतीबद्दल. आणि बोलायचंय याला कारण आहे, कारण या बाबतीत एकदा आमची मोठी चूक झालेली आहे. ती आधी सांगून टाकतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाले अण्णा साठीच्या पुढचे. तंबाखू-चुना मळून दाढेत धरायची सवय तरुणपणापासूनची. त्यांचा आवाज बसला. पीठ नाकातोंडात जातं, बसणारच, असं म्हणून दीड-दोन महिने गेले. मग गिळताना दुखायला लागलं, वजन उतरलं, आणि मुलाने त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेलं. दुर्बिणीतून उजव्या स्वररज्जूवर लालसर, खडबडीत, मध्ये व्रण असलेली गाठ दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिसायला कॅन्सरसारखं आहे, पण तुकडा तपासल्याशिवाय मी तो शब्द वापरणार नाही."

मुलगा संध्याकाळी आमच्याकडे आला. रडवेला झालेला. उपचारांसाठी गिरणी विकावी का, असं विचारत होता. आम्ही काय सांगावं? तीसेक वर्षं वर्गात अनुमान शिकवलेल्या माणसाने सांगितलं, "बाळ, वय बघ, तंबाखू बघ, आवाज बघ. आता वेळ घालवू नकोस, गिऱ्हाईक बघून ठेव." म्हणजे डॉक्टरीणबाईंनी जो शब्द तोंडातून काढला नव्हता तो आम्ही काढला, आणि तोही अगदी ठामपणे.

पुढे काय झालं ते शेवटी सांगू. आधी आमचं चुकलं कुठे ते पाहू.

संशय म्हणजे काय

आपल्याकडे नैयायिकांनी संशयाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. त्यांचं ठरलेलं उदाहरण असं. संध्याकाळची वेळ आहे, उजेड मंद झालाय. दूर शेतात काहीतरी उभं दिसतं. उंची माणसाएवढी, जाडी माणसाएवढी. तो माणूस आहे की वठलेल्या झाडाचा खांब? उंची आणि जाडी हे दोघांत सारखे असणारे गुण. त्यांना समान धर्म म्हणायचं. समान धर्म दिसतात आणि विशेष धर्म दिसत नाहीत, म्हणजे हातपाय दिसत नाहीत किंवा खोडाची ढोलीही दिसत नाही, तेव्हा मन दोन टोकांमध्ये हेलकावे खातं. या टोकांना कोटी म्हणतात. दोन कोटींवर हलणारं ज्ञान म्हणजे संशय.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, संशय म्हणजे अज्ञान नव्हे. काहीच न दिसणाऱ्याला संशय येत नाही. ज्याला काही दिसलंय आणि काही दिसायचं राहिलंय त्यालाच येतो. दुसरी, समान धर्म कितीही गोळा केले तरी संशय फिटत नाही. उंची दहा वेळा मोजली तरी खांब की माणूस हे ठरत नाही. त्यासाठी जवळ जाऊन विशेष धर्मच पाहावा लागतो.

आता घशाकडे या. गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला लागतो तो कंठमणी, त्याच्या मागे स्वरयंत्र. आत दोन स्वररज्जू. श्वास घेताना ते दूर होतात, बोलताना जवळ येऊन कंप पावतात. त्यांच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी जरी गाठ आली तरी कंप बिघडतो आणि आवाज घोगरा होतो. एका अर्थी हे आपलं भाग्य, कारण स्वररज्जूचा आजार लवकर बोभाटा करतो. त्याच्या वरच्या भागातला किंवा घशाच्या खोलातला आजार मात्र बराच काळ गप्प राहू शकतो. आधी गिळताना टोचतं, किंवा कानात दुखतं आणि कान तर स्वच्छ असतो. घसा आणि कान यांच्या संवेदना नेणाऱ्या नसा काही अंशी सामायिक आहेत, म्हणून दुखणं एकीकडे आणि कळ दुसरीकडे.

बसलेला आवाज, गिळताना दुखणं, कानातली कळ, उतरलेलं वजन, पांढरा किंवा लाल चट्टा, व्रण, गाठ. ही यादी कर्करोगाची आहेच. पण यातलं एकही लक्षण फक्त कर्करोगाचं नाही. हे सगळे समान धर्म. आम्ही त्या संध्याकाळी अण्णांच्या मुलासमोर समान धर्मांची बेरीज करत बसलो आणि बेरजेला निश्चय म्हणालो.

हं, आता कुणी म्हणेल, तंबाखू खाणाऱ्या साठीतल्या माणसाच्या घशातली गाठ बहुतेक वेळा कर्करोगाचीच निघते ना? निघते. म्हणूनच त्या कोटीला डॉक्टर अग्रक्रम देतात, तपासणीची घाई करतात, आणि ते बरोबरच आहे. पण "बहुतेक वेळा" हे तपासणीची निकड ठरवायला पुरेसं असतं. माणसाचं स्वरयंत्र काढायला पुरेसं नसतं.

डोळ्याला फसवणारे

जिवंत माणसाचं स्वरयंत्र नीट पाहण्याची गोष्टही मोठी गमतीची आहे. १८५४ साली पॅरिसमध्ये मान्युएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या शिक्षकाने दंतवैद्याचा लहानसा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाठवला, आणि स्वतःचेच स्वररज्जू हलताना पाहिले. पुढच्याच वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. गार्सिया डॉक्टर नव्हता. आज नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण आहे, स्वररज्जूची लाट संथ करून दाखवणारा लुकलुकता प्रकाश आहे, आणि अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी उठून दाखवणारा निळा-हिरवा प्रकाशही आहे. म्हणजे आपण खांबाच्या बरेच जवळ आलोय. तरी केवळ पाहून निश्चय होत नाही, कारण काही आजार कर्करोगाचं सोंग फार बेमालूम वठवतात. चार सांगतो.

पहिला, आपल्या देशात कधीच विसरून चालणार नाही असा: स्वरयंत्राचा क्षयरोग. जुन्या काळी तो बहुधा फुप्फुसाच्या क्षयाने खंगलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात दिसे, आणि स्वरयंत्राच्या मागच्या भागात दिसे. त्यामुळे ओळखू येई. औषधं आल्यानंतर चित्र बदललं. आता तो हिंडत्याफिरत्या माणसात, एकाच बाजूला, एकच गाठ किंवा व्रण होऊन येऊ शकतो. ताप नाही, फारसा खोकला नाही. दुर्बिणीतून पाहणाऱ्याच्या मनात आधी कर्करोगच येतो. इथे विशेष धर्म मिळतो तो तुकड्यात: सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे गोलसर पुंजके, त्यांच्या मध्ये पनीरासारखा मऊ, मृत भाग, आणि खास रंग दिला तर तांबड्या काड्यांसारखे दिसणारे जंतू. हा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवून दिला. आज सीबीनॅट नावाच्या तपासणीत जंतूचा जनुकीय अंश काही तासांत सापडतो आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही कळतं.

दुसरा, आमच्या व्यवसायाचा सोबती: संपर्क-कणार्बुद. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. शिक्षक, वकील, कीर्तनकार, हातगाडीवर ओरडून भाजी विकणारे, सारखं घसा खाकरणारे, पित्त वर येणारे, किंवा अतिदक्षता विभागात घशात नळी राहिलेले, अशांच्या स्वररज्जूच्या मागच्या टोकाला, जिथे आत कूर्चा आहे तिथे, सारखी घासाघीस होऊन मांसल गोळा तयार होतो. कर्करोग सहसा स्वररज्जूच्या पुढच्या, मऊ भागात उगवतो, हा मागे. म्हणजे इथे जागा हाच मोठा सुगावा. याला कापलं की तो बऱ्याचदा पुन्हा उगवतो. आवाज वापरायची रीत सुधारली आणि पित्त आवरलं, तर बहुधा हळूहळू विरतो.

तिसरा, बुरशीचा. हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी तोंडात, घशात, स्वरयंत्रात असे व्रण करते की ते कर्करोगाचे किंवा क्षयाचे वाटावेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ती जास्त दिसते, पण फक्त त्यांच्यातच दिसते असं नाही. बुरशीच्या पेशी इतक्या बारीक असतात की विशेष रंग दिल्याशिवाय सहज नजरेतून सुटतात. आणि निदान न करता नुसती सूज म्हणून स्टिरॉइड सुरू केलं, तर बुरशीला रान मोकळं.

चौथा, अमायलॉइड. एक प्रकारचं प्रथिन पेशींच्या बाहेर साचत जातं आणि अस्तराखाली पिवळसर, मेणचट फुगवटा येतो. याची ओळख मात्र देखणी आहे. काँगो रेड नावाचा रंग देऊन ध्रुवित प्रकाशात पाहिलं की तो लाल भाग हिरव्या सफरचंदासारखा चमकतो. इथे विशेष धर्म डोळ्यांत भरतो, पण तो रंग द्यायचं आधी सुचलं पाहिजे.

हे "सुचलं पाहिजे" फार महत्त्वाचं आहे, मंडळी. काढलेला तुकडा बहुधा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. त्याने पेशी टिकतात, पण जंतू मरतात. मग त्या तुकड्यातून जंतू वाढवून पाहता येत नाहीत. क्षयाची शंका आधी आली तरच तुकड्याचा एक भाग निराळा, सलाइनमध्ये पाठवला जातो. म्हणजे संशयाची दुसरी कोटी मनात नसेल तर तिचा पुरावा आपल्याच हातून नष्ट होतो.

सूक्ष्मदर्शकाला फसवणारे

इथवर तुम्ही म्हणाल, बरं, डोळा फसतो, पण तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की प्रश्न मिटला. तसंही नाही.

घशाचं अस्तर खाली कशाने तरी चिडलं, की ते जाड होतं आणि त्याच्या पेशी जिभांसारख्या खालच्या थरात उतरतात. कर्करोगातही पेशी खाली घुसतात. वरवर पाहता दोन्ही दृश्यं विलक्षण सारखी. या नकली घुसखोरीच्या खाली क्षय असू शकतो, बुरशी असू शकते, आणि एक तिसरी गोष्टही असू शकते: कणमय पेशींची गाठ. रशियन विकृतितज्ज्ञ अब्रिकोसॉफ यांनी १९२६ साली जिभेतल्या अशा गाठींचं वर्णन केलं. ती नसांच्या वेष्टनातल्या पेशींपासून होते, बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, जिभेवर जास्त आणि स्वरयंत्रात क्वचित आढळते. चिमट्यात फक्त वरचं अस्तर आलं, तर तपासणाऱ्याला कर्करोगाची घुसखोरी दिसते. तुकडा खोलवरचा असेल तर खालच्या मोठ्या, दाणेदार पेशी दिसतात, एस-१०० या प्रथिनाची चाचणी होते, आणि सोंग उघडं पडतं. म्हणजे चिमटा दोन-तीन मिलिमीटर कमी खोल गेला, तर एखाद्याचा आवाज कायमचा जाऊ शकतो. हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. तुकडा किती खोलवरून आला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे एवढंच सांगतो.

घशाच्या दाराशीच, टाळूवर, असाच आणखी एक प्रकार होतो. तिथल्या लहान लाळग्रंथींचा रक्तपुरवठा तुटतो, आणि दिसायला भयंकर असा खोल व्रण पडतो. सूक्ष्मदर्शकाखालीही तो कर्करोगासारखा भासतो. अमेरिकेतल्या विकृतितज्ज्ञांनी १९७३ साली याला स्वतंत्र आजार म्हणून ओळखलं. काही आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. पण कर्करोग समजून टाळूचा भाग काढून टाकल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. आजाराला नाव नव्हतं तोवर तो कुणाच्या मनात दुसरी कोटी म्हणून येणार तरी कसा?

एका युवराजाचा घसा

आतापर्यंत खांबाला माणूस समजण्याच्या चुका पाहिल्या. आता उलट चूक पाहू, कारण ती जास्त जीवघेणी आहे. दिसायला साधं आणि असतो कर्करोग.

१८८७ सालचा जानेवारी. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, वय पंचावन्न, पाइप ओढण्याची सवय. आवाज बसला. बर्लिनचे प्राध्यापक गेरहार्ट यांना डाव्या स्वररज्जूवर लहानशी गाठ दिसली. त्यांनी ती तापलेल्या तारेने वारंवार जाळून पाहिली. ती पुन्हा येत राहिली. मे महिन्यात शल्यविशारद बेर्गमान यांनी कर्करोग धरून गळा बाहेरून उघडायची तयारी केली. त्या काळी या शस्त्रक्रियेत जिवाला मोठा धोका होता. व्हिएन्नात बिलरोटने कर्करोगासाठी पहिलं स्वरयंत्र काढलं त्याला जेमतेम चौदा वर्षं होत होती. म्हणून लंडनचे नामांकित घसातज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांना बोलावलं. ते म्हणाले, तुकडा तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया नको. आज आपण हेच म्हणतो. तुकडा काढला आणि तपासायला दिला तो रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे. रोग पेशींत असतो हा विचार ज्यांनी रुजवला, तेच हे. त्या काळी याहून मोठा माणूस मिळणं शक्य नव्हतं.

फिर्खोंनी कळवलं की या तुकड्यात कर्करोगाचा पुरावा नाही. पुन्हा तुकडे दिले, निष्कर्ष तोच राहिला. त्यांनी सावधगिरीही नोंदवली होती की तुकड्यांवरचं मत संपूर्ण आजाराला लागू पडेलच असं खात्रीने सांगता येत नाही. पण ते वाक्य कुणाला ऐकायचं होतं? शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरात इटलीतल्या सान रेमो इथे घशात नवी वाढ दिसली आणि कर्करोग आहे हे सगळ्यांनाच मान्य करावं लागलं. फेब्रुवारी १८८८मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं. ९ मार्चला वडील गेले आणि बोलता न येणारा फ्रेडरिक सम्राट झाला. १५ जूनला तो गेला. राज्य केलं ९९ दिवस. शवविच्छेदनात कर्करोगच निघाला.

मग फिर्खो चुकले का? त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. पुढे १९४८ साली अ‍ॅकरमन यांनी मस्सेदार कर्करोगाचं वर्णन केलं. तो वरून चामखिळीसारखा जाड असतो, त्याच्या पेशी अगदी सभ्य दिसतात, आणि वरचे तुकडे पुन्हा पुन्हा "निर्दोष" ठरतात. फ्रेडरिकचा आजार याच जातीचा असावा असं काही अभ्यासकांनी सुचवलंय, त्यावर मतभेदही आहेत. ते काही असो. चूक अहवालात नव्हती, अहवालाच्या वाचनात होती. "या तुकड्यात कर्करोग दिसला नाही" हे वाक्य लोकांनी "कर्करोग नाही" असं वाचलं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: योग्यानुपलब्धी. एखादी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही, असं केव्हा म्हणता येतं? जमिनीवर घडा नाही हे आपण म्हणू शकतो. कारण उजेड आहे, डोळे धड आहेत, आणि घडा असता तर दिसलाच असता. पण खोलीत पिशाच नाही, हे केवळ दिसत नाही यावरून सिद्ध होत नाही, कारण पिशाच म्हणजे मुळात न दिसणारं असंच मानलेलं. वस्तू असती तर दिसलीच असती, ही अट पुरी झाली तरच न दिसणं हा अभावाचा पुरावा ठरतो. मीमांसक आणि नैयायिक यांचं याबाबत बाकी भांडण आहे, पण ही अट दोघांनाही मान्य आहे.

तेव्हा बायोप्सीचा अहवाल नकारार्थी आला, तर एवढंच विचारायचं: कर्करोग असता, तर या तुकड्यात तो दिसला असता का? तुकडा पुरेसा मोठा होता का, नेमक्या जागेचा होता का, खोल होता का? उत्तर "नाही" असेल, आणि गाठ डोळ्यांना अजून संशयास्पदच दिसत असेल, तर डॉक्टर पुन्हा तुकडा काढायला सांगतात. त्यात पैसे उकळण्याचा डाव असतो, असं मनात आणू नका. ही तर्कशुद्ध पायरी आहे.

मग करायचं काय

चांगला डॉक्टर संशय कसा चालवतो ते थोडक्यात पाहू. आधी इतिहास विचारतो: तंबाखू, मिसरी, दारू, घरात क्षयाचा रुग्ण, मधुमेह, आवाजाचा वापर, पित्त. मग दुर्बिणीने पाहतो आणि मान चाचपून गाठी बघतो. छातीचा एक्स-रे काढतो, कारण घशाच्या क्षयाचं मूळ बऱ्याचदा फुप्फुसात सापडतं. आजार किती खोल आहे हे पाहायला स्कॅन करतो. भूल देऊन तुकडा घेतो. आणि एक गोष्ट जी रुग्णाला दिसत नाही: तुकड्यासोबतच्या चिठ्ठीवर विकृतितज्ज्ञासाठी सगळी हकीकत लिहितो. नुसतं "घशातली गाठ" लिहिलेल्या चिठ्ठीवर निदान करणं म्हणजे अंधारात खांब ओळखणं. डोळ्याला दिसलेलं आणि काचेखाली दिसलेलं जुळत नसेल, तर दोघं एकमेकांशी बोलतात. नाही जुळलं तर दुसऱ्या तज्ज्ञाला काच दाखवतात.

यात एक गोम आहे. खांबाच्या उदाहरणात दोन कोटींपैकी एकच खरी असते. शरीरात तसं बंधन नाही. एकाच घशात क्षय आणि कर्करोग दोन्ही असल्याची उदाहरणं आहेत. म्हणून क्षय सापडला की दुसरी कोटी आपोआप बाद होत नाही. उपचारांनी गाठ पूर्ण विरते का, हे पुन्हा दुर्बिणीने पाहावंच लागतं. नाही विरली तर पुन्हा तुकडा. आणि पुरावा नसताना "आधी टीबीची औषधं देऊन बघू" म्हणत महिने घालवायचे, हे तर अतिशय धोक्याचं. त्या महिन्यांत कर्करोग थांबून राहत नाही.

तुमच्या-आमच्यासाठी गोष्टी दोनच. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिला, तर हळद-दूध आणि गुळण्या बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाला स्वररज्जू दाखवायचे. तंबाखूचं व्यसन असेल तर मुळीच टाळायचं नाही. श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर तीन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. आणि दुसरं, अहवाल हाती आला की त्यावरचा शेवटचा शब्द तेवढा वाचून नाचायचं नाही की रडायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं, "तुम्हाला जे दिसलं त्याच्याशी हे जुळतं का?"

एक चिठ्ठी

श्रोत्यांतून चिठ्ठी आलीय. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं आमच्याकडे म्हणतात. खरं का?"

ही समजूत घरोघरी आहे. तिचं मूळ कळण्यासारखं आहे: तुकडा काढला, निदान झालं, आजार आधीच वाढलेला होता, माणूस गेला. एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं, असं वाटतं. कावळा बसला आणि फांदी मोडली, त्यातलाच हा प्रकार. घशातल्या गाठीचा तुकडा घेणं ही जगभर रोज होणारी तपासणी आहे. तुकड्याने आजार पसरेल या भीतीने ती टाळण्याला आधार नाही. उशिरामुळे होणारं नुकसान मात्र पक्कं. लवकर सापडलेला स्वररज्जूचा कर्करोग किरणोपचाराने किंवा लहान शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता फार चांगली असते, आणि आवाजही बऱ्याचदा वाचतो.

आता अण्णांचं काय झालं ते सांगायचं राहिलंय. पहिल्या तुकड्याचा अहवाल आला: कर्करोग नाही, जुनाट दाह. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी मात्र मान हलवली. जे दिसतंय त्याच्याशी हे जुळत नाही, म्हणाल्या. छातीचा एक्स-रे काढला, वरच्या भागात डाग होता. थुंकी तपासली, पुन्हा खोल तुकडा घेतला, त्याचा एक भाग वेगळा पाठवला. क्षयरोग निघाला. सरकारी केंद्रातून मोफत औषधं मिळाली, सहा महिने चालली. घशाचा क्षय खोकल्या-बोलण्यातून पसरू शकतो, म्हणून सून आणि नातवंडांचीही तपासणी झाली. आणि औषधं संपल्यावर बाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. स्वररज्जू स्वच्छ होते. तेव्हाच त्या म्हणाल्या, "आता मी सांगते, कॅन्सर नव्हता."

मुलाने आमचं ऐकलं नाही म्हणून गिरणी वाचली. त्याने आम्हाला कधी त्याबद्दल बोलून दाखवलं नाही, हा त्याचा मोठेपणा. दळण टाकायला गेलो की अण्णा जरा खरखरीत आवाजात विचारतात, "काय सर, जाड की बारीक?" आणि आम्ही दर वेळी थोडेसे ओशाळतो.

तंबाखू सोडलीय त्यांनी. कर्करोग नव्हता म्हणून तो होणारच नाही, असं अनुमान अण्णांनी काढलं नाही. तेवढं तर्कशास्त्र त्यांना आमच्याकडून शिकावं लागलं नाही.